खालचा टप्पा

'वर जाणें' ह्या साध्या शब्दप्रयोगाला आपल्या भाषेंत किती निरनिराळे अर्थ चिकटले आहेत हें पाहूं लागलें, म्हणजे मोठी मौज वाटते. मुलगा वरच्या वर्गांत गेला म्हणजे आपण पेढे वांटतों. कारकून वरच्या जागेवर गेला म्हणजे त्याला हार घालतों. आणि शेजारचे आजोबा 'वर गेले' असें कळलें म्हणजे हात जोडतों. तिन्ही ठिकाणीं दिशा एकच, आणि तिन्ही ठिकाणीं आपली नजर जाणाऱ्यावर खिळलेली असते. तो ज्या पायरीवर पाय देऊन चढला ती पायरी, ज्या खांद्यावर त्यानें भार टाकला तो खांदा, यांच्याकडे वळून पाहण्याची रीत आपल्यांत फारशी नाहीं. पायरी असते तेथेंच राहते, आणि जें असेल तेथेंच राहतें त्याची बातमी होत नाहीं.

पदार्थविज्ञान शिकविण्याच्या व्यवसायांत माझीं तीस वर्षें गेलीं. दरवर्षीं गुरुत्वाकर्षणाचा धडा आला कीं कृत्रिम उपग्रहांचा विषय निघतो, आणि दरवर्षीं मुलांचे प्रश्नहि ठरलेले असतात. उपग्रह किती उंचीवर असतो? त्याला एक फेरी मारण्यास किती वेळ लागतो? तो खालीं कां पडत नाहीं? ज्या अग्निबाणानें त्याला तेथवर नेऊन सोडलें त्याचे खालचे टप्पे पुढें कोठें जातात, हें मला वर्गांत क्वचितच कोणी विचारलें आहे. तो प्रश्न मला विचारला माझ्या थोरल्या बंधूंनीं, सिद्धेश्वरच्या धरणाच्या भिंतीवर. त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वीं अग्निबाणाला मुळांत टप्पे असतातच कां, हें थोडें सांगितलें पाहिजे. कारण पुढील सर्व विचार त्या 'कां' मधूनच निघाला आहे.

सामान्य समजूत अशी असते, कीं उपग्रहाला पुरेसें उंच नेलें म्हणजे काम झालें. तेथें पृथ्वीचें आकर्षण पोंचत नाहीं व उपग्रह आपोआप तरंगत राहतो. वस्तुस्थिति अगदीं निराळी आहे. चारशें किलोमीटर उंचीवर पृथ्वीचें आकर्षण जमिनीवरच्यापेक्षां फार कमी नसतें. दहांत नऊ हिश्शांच्या जवळपास तें तेथेंहि असतें. तेथवर सरळ उभी फेकलेली वस्तु सरळ उभीच खालीं येईल. उपग्रहाला हवी असते ती उंची नव्हे, तर आडवी गति. सुटी सोडलेली कोणतीहि वस्तु पहिल्या सेकंदांत सुमारें पांच मीटर खालीं येते. आतां पृथ्वी गोल असल्यामुळें सरळ रेषेंत आठ किलोमीटर गेलें, तर पृथ्वीचा पृष्ठभागहि त्या रेषेपासून सुमारें पांच मीटर खालीं वांकलेला असतो. तेव्हां जी वस्तु एका सेकंदांत आठ किलोमीटर, म्हणजे जुन्या मापानें अडीच कोस, आडवी जाईल, ती जितकी पडेल तितकीच जमीनहि तिच्याखालून सरकेल. ती सारखी पडतच राहील, पण जमिनीला कधीं लागणार नाहीं. उंच डोंगरावरून अधिकाधिक जोरानें तोफ डागली तर काय होईल, असा प्रश्न न्यूटननें केला होता, आणि त्याचें उत्तरहि हेंच दिलें होतें. उपग्रह पडत नाहीं असें नव्हे. तो पडण्यांत चुकत असतो.

पण सेकंदाला अडीच कोस! बंदुकीची गोळी सेकंदाला एक किलोमीटरहि जेमतेम जाते. एवढी गति आणावयाची कोठून? अग्निबाण आपल्या पोटांतील इंधन जाळून त्याचा वायु मागें फेकतो व त्या धक्क्यानें पुढें जातो. वर हवा नसल्यामुळें जाळण्यास लागणारें प्राणवायूचें द्रव्यहि त्याला बरोबरच न्यावें लागतें. येथें एक मोठी अडचण उभी राहते, आणि ती आमच्याकडील कोणत्याहि गाडीवानाला समजावून सांगावी लागणार नाहीं. कडब्यानें भरलेली गाडी दूरच्या बाजारास न्यावयाची आहे, वाटेंत चारा कोठेंहि मिळत नाहीं, आणि बैल गाडींतलाच कडबा खाणार आहेत, अशी कल्पना करा. बाजार जितका लांब तितका कडबा अधिक. कडबा अधिक म्हणून गाडी जड. गाडी जड म्हणून बैल अधिक. आणि बैल अधिक म्हणून पुन्हां कडबा अधिक. इंधन नेण्यासाठीं इंधन आणि तें नेण्यासाठीं आणखी इंधन, असें हें चक्रवाढ व्याजाचें प्रकरण आहे.

ह्या व्याजाचा हिशेब प्रथम चोख मांडला तो रशियांतल्या कालुगा नांवाच्या गांवीं गणित शिकविणाऱ्या एका शाळामास्तरानें. त्याचें नांव कॉन्स्टंटिन त्सियोल्कोव्स्की. लहानपणच्या आजारामुळें त्याला ऐकूं फार कमी येई. १९०३ सालीं त्यानें जें सूत्र प्रसिद्ध केलें, तेंच आजहि प्रत्येक अग्निबाणाच्या मुळाशीं आहे. त्याच्या सूत्रांत थोडे आंकडे घालून पाहूं. घन इंधनाचा वायु सेकंदाला अदमासें अडीच किलोमीटर वेगानें बाहेर पडतो. हवेचा विरोध व गुरुत्वाकर्षण यांवर खर्ची पडणारा भाग धरून अग्निबाणाला एकंदर सेकंदाला नऊ-साडेनऊ किलोमीटरांची तयारी ठेवावी लागते. हिशेब असा येतो, कीं निघतांनाचें वजन शेवटीं उरणाऱ्या वजनाच्या चाळीस पटींहून अधिक असलें पाहिजे. म्हणजे चाळीस किलोंपैकीं एकोणचाळीस किलो इंधन, आणि उरलेल्या एका किलोंत इंधनाची टांकी, ज्वाळा बाहेर सोडणारें नळकांडें, यंत्रें व उपग्रह हें सर्व बसवावयाचें! जें पिंप इतक्या दाबाला व उष्णतेला टिकावयाचें, त्याचेंच वजन एकंदराच्या दशांशाच्या घरांत जातें. नुसतें पिंपच न्यावयाचें ठरविलें, उपग्रह मुळींच ठेवला नाहीं, तरी गति पावणेसहा किलोमीटरांपलीकडे जात नाहीं. गणित येथें हात टेकतें.

यांतून वाट एकच. रिकामी झालेली गाडी ओढीत बसावयाचें नाहीं. चार गाड्या एकीवर एक रचावयाच्या. खालच्या मोठ्या गाडीनें वरच्या तिघींना कांहीं अंतर न्यावें, तिचा चारा संपला कीं तिला तेथेंच सोडून द्यावें, आणि वरच्या हलक्या गाडीनें, मिळालेली गति पदरांत घेऊन, पुढचा प्रवास सुरू करावा. अशा आगगाडीवजा अग्निबाणाची कल्पनाहि त्या शाळामास्तरानेंच १९२९ सालीं विस्तारानें मांडली. त्यानें स्वतः एकहि अग्निबाण उडविला नाहीं. तो १९३५ सालीं वारला, आणि पहिला उपग्रह त्याच्याच देशानें ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं आकाशांत सोडला.

आपल्या देशाची कथाहि अशीच टप्प्याटप्प्यांची आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं केरळांतील थुंबा येथून जो पहिला अग्निबाण उडाला, तो अमेरिकेंतून आणलेला दोन टप्प्यांचा बाण होता. उपग्रह सोडण्याइतकें बळ त्याला नव्हतें. वरच्या हवेची पाहणी करून तो खालीं येणारा होता. त्या वेळीं तेथें काम करणाऱ्या तरुणांत पुण्यांत जन्मलेले प्रमोद काळे होते. पुढें, १९६७ सालीं, इंग्लंडांत उच्च शिक्षण घेऊन आलेले डॉ. वसंत गोवारीकर तेथें रुजू झाले. तेहि पुण्याचेच. घन इंधन परदेशांतून विकत आणावयाचें नाहीं, येथेंच घडवावयाचें, ह्या कामांत त्यांचा वांटा फार मोठा. आणि १९८० सालीं जेव्हां यश आलें, तेव्हां विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक तेच होते. तें यश सहज मिळालें नाहीं. एस. एल. व्ही. ३ ह्या चार टप्प्यांच्या वाहनाचें पहिलें उड्डाण १० ऑगस्ट १९७९ रोजीं झालें. पहिल्या टप्प्यानें आपलें काम चोख केलें. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेंत बिघाड झाला. आणि सवापांच मिनिटांच्या आंतबाहेर सर्व कांहीं, चौथ्या टप्प्यासह व उपग्रहासह, बंगालच्या उपसागरांत पडलें. १८ जुलै १९८० रोजीं तेंच वाहन पुन्हां उडालें व 'रोहिणी' उपग्रह कक्षेंत गेला. बावीस मीटर उंचीचें, सतरा टनांचें तें वाहन; आणि त्यानें वर नेलें काय, तर पसतीस किलो. जवळजवळ पांचशें भाग वजनांतला एक भाग वर राहिला. बाकीचे जळाले, नाहींतर गळून पडले.

त्यानंतरच्या मोठ्या वाहनांत, ज्याला पी. एस. एल. व्ही. म्हणतात, चारच टप्पे आहेत, पण आळीपाळीनें घन व द्रव इंधनाचे. पहिल्या टप्प्यांत एकशेंअडतीस टनांच्या घरांत घन इंधन भरलेलें असतें, आणि तें सारें पावणेदोन मिनिटांच्या सुमारास जळून संपतें. ह्या टप्प्याचीं पोलादी पिंपें बनविणाऱ्या कारखान्यांत इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगरचा कारखाना आहे. साखरेच्या कारखान्यांचीं यंत्रें करणारे म्हणून आमच्या लहानपणीं त्यांचें नांव ऐकूं येई. दुसऱ्या टप्प्याचें 'विकास' नांवाचें एंजिन मुंबईस विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यांत तयार होतें. वालचंदनगरच्या सांधणाऱ्यानें महिनोन्महिने खपून जोडलेलें पिंप पावणेदोन मिनिटें काम करतें व समुद्राच्या तळाशीं जातें. आपल्या हातचें काम कोणी पुन्हां पाहणार नाहीं, हें ठाऊक असूनहि तो सांधा बिनचूक जोडतो. असला कारागीर मला आकाशांतल्या उपग्रहाइतकाच विचार करावयास लावतो.

आतां सिद्धेश्वरकडे येतों. हिंगोली जिल्हा परभणींतून निराळा झाला तो १ मे १९९९ रोजीं. आमच्या पिढीच्या तोंडीं अजून परभणीच येतें. पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरीचें धरण आहे व खालच्या अंगाला सिद्धेश्वरचें. येलदरी पाणी सांठविते, त्यावर वीज काढते व तें खालीं सोडते. सिद्धेश्वर तें झेलतें आणि कालव्यांना देतें. ह्या दोन टप्प्यांवरच आमचा मुलूख ओलिताखालीं आला. आमचें शेत त्याच कालव्यावर आहे. जवळच औंढा नागनाथाचें ज्योतिर्लिंग. नामदेवांना जे गुरु भेटले ते विसोबा खेचर याच स्थानीं भेटले, अशी आमच्याकडची श्रद्धा आहे. खेचर म्हणजे आकाशांत संचार करणारा. पण कथेंतला हा खेचर देवळांत जमिनीवर पाय पसरून निजलेला भेटतो. त्याच औंढ्याजवळ दुधाळा येथें गुरुत्वलहरी टिपणारी 'लायगो' वेधशाळा उभारण्यास एप्रिल २०२३ मध्यें केंद्र सरकारनें मान्यता दिली. आमच्या भागाला आकाशाचें वेड जुनेंच आहे म्हणावयाचें!

एका हिवाळ्यांत संध्याकाळीं मी व दादा धरणाच्या भिंतीवर उभे होतों. सूर्य मावळून अर्धा-पाऊण तास झाला होता. अशा वेळीं जमिनीवर अंधार पडलेला असतो, पण तीन-चारशें किलोमीटर उंचीवर ऊन असतें. म्हणून त्या घटकेला उपग्रह चांगले दिसतात. न लुकलुकणारा, विमानासारखे तांबडे-हिरवे दिवे नसलेला एक ठिपका मावळतीकडून निघाला, सावकाश डोक्यावर आला, आणि उगवतीकडे जातां जातां आकाशाच्या मध्येंच विझला. कारण तो पृथ्वीच्या सावलींत शिरला. मीं दादांना तें सर्व सांगितलें. टप्प्यांची गोष्टहि, कडब्याच्या गाड्यांचा दाखला देऊन, सांगितली. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व विचारलें,

"ते खालचं जे सुटून जातं, ते पडतं कुठं?"

"समुद्रांत," मीं म्हटलें. "म्हणूनच तर समुद्राकांठावरून उडवितात."

"समुद्रात कोणी नसतंय का?"

"मच्छीमारांना अगोदर कळवितात, दादा. त्या दिवशीं तिकडे जाऊं देत नाहींत."

"म्हंजे त्यांचा त्या दिवसाचा धंदा बुडाला," दादा म्हणाले. मग थोडें थांबून, "आन् चंद्रपुराकडं पाडव्याला पडलं होतं ते?"

तें त्यांच्या बरोबर ध्यानांत होतें. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भांतील पुष्कळ लोकांनीं आकाशांतून जळत जाणारी एक ओळ पाहिली, आणि त्यानंतर चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी गांवाजवळ अडीच-तीन मीटर व्यासाचें एक धातूचें कडें पडलेलें सांपडलें. आसपासच्या भागांत धातूचे पोकळ गोळेहि मिळाले. एका चिनी अग्निबाणाचा, उपग्रह सोडून झाल्यावर कक्षेंत फिरत राहिलेला वरचा टप्पा खालीं येऊन त्याचे हे तुकडे पडले असावेत, असें जाणकारांचें मत पडलें. कोणास इजा झाली नाहीं. खालचे टप्पे ठरल्या जागीं समुद्रांत पडतात. पण जे वरचे टप्पे बरेच चढून जातात, पण काम संपल्यावर ज्यांची व्यवस्था कोणी पाहत नाहीं, ते कोणाच्या अंगणांत पडतील याचा नेम नसतो. अलीकडे याचा विचार होऊं लागला आहे. आपल्या पी. एस. एल. व्ही.चा रिकामा चौथा टप्पा २०२२ पासून कित्येक वेळां प्रयोगांचीं उपकरणें ठेवण्याचें व्यासपीठ म्हणून कामाला लावला गेला आहे.

दादांच्या प्रश्नानें मला जो धागा दिसला तो निराळाच. प्रत्येक उड्डाणाखालीं कोणाची तरी जमीन असते. थुंब्याच्या कोळ्यांनीं आपलीं घरें व प्रार्थनामंदिर देऊं केलें, तेव्हां तेथें पहिली कार्यशाळा थाटतां आली. श्रीहरिकोटा बेटावर पूर्वीं यानादी नांवाचे वनवासी राहत असत. तळ झाला तेव्हां त्यांना जागा सोडावी लागली. आमच्या ओलितासाठीं ज्यांच्या शेतांवर पाणी चढलें, त्यांच्यापैकीं कित्येकांच्या वांट्याला कालवा आला नाहीं. हे सर्व पहिले टप्पे. त्यांनीं सर्वांत जड भार, सर्वांत दाट हवेंतून, सर्वांत कमी वेळांत उचलला.

अशा वेळीं आम्हां वर गेलेल्या मंडळींना एक सोयीचें तत्त्वज्ञान सांपडतें. कोणीतरी खालीं राहावेंच लागतें, हा निसर्गाचा नियमच आहे, असें आपण म्हणतों, आणि अग्निबाणाचा दाखला देतों. मीं स्वतः तो सभांतून ऐकला आहे: आईबाप हा पहिला टप्पा, गुरु हा दुसरा, आणि विद्यार्थी हा उपग्रह. टाळ्याहि पडतात. परंतु पदार्थविज्ञानाचा शिक्षक या नात्यानें मला हा दाखला तपासून पाहणें भाग आहे. आणि तपासतां असें दिसतें, कीं त्यांतला अर्धा भाग खरा असून अर्धा अगदीं खोटा आहे.

खरा भाग असा. पहिल्या टप्प्यानें दिलेली गति त्याच्याबरोबर समुद्रांत जात नाहीं. ती वरच्यांच्या अंगीं जशीच्या तशी राहते. दुसरा टप्पा शून्यापासून आरंभ करीत नाहीं. उपग्रहाच्या आठ किलोमीटरांत प्रत्येक टप्प्याचे किलोमीटर मोजून वेगळे काढतां येतात. तेव्हां 'मी स्वतःच्या बळावर वर आलों' हें वाक्य कक्षेंतल्या कोणालाहि गणितानें सिद्ध करतां येणार नाहीं. खोटा भाग असा. टप्पा टाकून देतात तो रिकामा झाला म्हणून. त्यांतलें इंधन संपल्यावर त्याच्यापाशीं वजनाखेरीज कांहीं उरत नाहीं. माणसाचें तसें नाहीं. ज्यानें आपला वांटा दुसऱ्यास दिला, तो देऊन रिकामा होत नाहीं. तो दुसऱ्या दिवशीं पहाटे उठून पुन्हां बैल जुंपतो. त्याला टाकून दिल्यानें कोणाचें ओझें कमी होत नाहीं, कारण तो ओझें नव्हताच. दाखला नेमका येथें मोडतो, आणि तो येथें मोडतो हें सांगणें माझ्यासारख्याचें कर्तव्य आहे.

हें मी इतक्या आग्रहानें कां म्हणतों तें सांगितलें पाहिजे. दादा माझ्याहून चार वर्षांनीं मोठे. वडिलांच्यानें एकालाच पुढें शिकविणें शक्य होतें. दादा सातवी होऊन शेतांत उतरले. मी परभणीस व तेथून तेव्हांच्या औरंगाबादेस गेलों. याबद्दल आमच्या घरांत कधीं कोणी शब्द काढला नाहीं. आतां दादांच्या नातवाला पुण्यास अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळाला, आणि त्याच्या फीसाठीं कालव्याखालची दोन एकर जमीन काढावयाची असें दादांनीं मनाशीं ठरविलें. भिंतीवरून परततांना त्यांनीं तें मला सहज सांगितलें, जणुं रिकामा टप्पा सोडावयाचा आहे. पण ती जमीन रिकामी नव्हती. दरवर्षीं तींत हळद होते, आणि त्या हळदीवर घर चालतें.

मला त्या वेळीं पुण्याच्याच एका गोष्टीची आठवण झाली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं 'स्वयम्' नांवाचा एक किलोच्या आसपास वजनाचा उपग्रह केला. २२ जून २०१६ रोजीं पी. एस. एल. व्ही.नें एकूण वीस उपग्रह नेले, त्यांत तो होता. तो करावयास आठएक वर्षें लागलीं. महाविद्यालयाचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. तेव्हां ज्यांनीं आरंभ केला त्यांच्यापैकीं कोणी शेवटीं तेथें विद्यार्थी म्हणून असणें शक्यच नव्हतें. एका तुकडीनें दुसरीस वह्या दिल्या, दुसरीनें तिसरीस. येथेंहि टप्पे आहेत. पण गळून कोणी पडलें नाहीं. आधींचे गेले ते आपापल्या मार्गानें, जाणतेपणीं, आणि मागच्यांना विचारण्याची सोय ठेवून. माणसांचे टप्पे व्हावयाचेच असतील, तर ते असे व्हावेत.

आणि अग्निबाणांच्या जगांतहि जुना नियम आतां ढिला झाला आहे. २१ डिसेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील एका कंपनीच्या अग्निबाणाचा पहिला टप्पा आपलें काम करून माघारीं आला व जमिनीवर उभा उतरला. मार्च २०१७ मध्यें अशाच एका वापरलेल्या टप्प्यानें दुसऱ्यांदां उपग्रह नेला. यासाठीं एक गोष्ट करावी लागते: वर चढतांना सर्व इंधन जाळून टाकावयाचें नाहीं, परतीपुरतें राखून ठेवावयाचें. त्यामुळें वर थोडें कमी वजन जातें. तेवढी किंमत मोजली, म्हणजे खालचा टप्पा सुखरूप घरीं येतो. साठ वर्षें जगांतल्या मोठमोठ्या तज्ज्ञांनीं अपरिहार्य मानलेली हानि, अखेर हिशेबाचीच बाब निघाली.

मीं दादांना हेंच सांगितलें. अर्थात् इतक्या शब्दांत नव्हे. "दादा, जमीन काढूं नका. फी मी भरतों," एवढेंच म्हणालों. ते लगेच तयार झाले नाहींत. "तुझ्या दोन पोरी हायेत," म्हणाले. पुढें आठ दिवस आमची बोलणीं चाललीं. शेवटीं त्यांनीं आपली अट घातली: हळदीचे पैसे आले, कीं दरवर्षीं त्यांतला कांहीं भाग ते मला देणार, आणि मीं तो घेतलाच पाहिजे, नातवानें नोकरी लागल्यावर त्यांतलें काय तें परत करावें, आणि त्याच्या धाकट्या बहिणीच्या वेळीं तेंच पैसे कामाला यावेत. हा हिशेब त्यांनीं नातवाच्याच हातानें एका वहींत लिहून घेतला व खालीं तिघांच्या सह्या घेतल्या. मला आरंभीं तें थोडें परकेपणाचें वाटलें. विचार केल्यावर कळलें, कीं देणारा व घेणारा यांतलें अंतर राहूं नये म्हणून त्यांनीं तें केलें होतें. परतीपुरतें इंधन राखण्याची ही त्यांची रीत.

मुलगा ऑगस्टमध्यें पुण्यास गेला. निघतांना दादांनीं त्याला वहीची एक नक्कल बरोबर दिली व मूळ वही देव्हाऱ्याखालच्या फडताळांत ठेवली. दोन एकर जमीन सातबाऱ्यावर अजून दादांच्याच नांवानें आहे, आणि कालव्याला पाणी सुटल्यामुळें यंदाहि तींत हळद उभी आहे.